हात सोंगटीकडे जाण्याआधी

बुद्धिबळाच्या नव्या खेळाडूला सगळे एकच सल्ला देतात: "विचार करून खेळ." घरचे देतात, शेजारच्या पटावरचा दादा देतो, हरल्यावर तर हमखास मिळतो. पण विचार करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. मग पोरगं दहा मिनिटं पटाकडे बघत बसतं आणि शेवटी सगळ्यात आधी सुचलेली चालच खेळतं. कोल्हापूरच्या राजारामपुरीत रविवारी सकाळी मुलांना शिकवताना हे सतत दिसतं, म्हणून हे लिहितोय. सोंगट्या कशा चालतात ते येतं आणि आता पहिली स्पर्धा खेळायची आहे, अशा कुणासाठीही. वय आठ असो की अठ्ठेचाळीस.

किती चाली पुढचं दिसतं, याने सुरुवातीला फारसा फरक पडत नाही. प्रश्न कोणत्या क्रमाने विचारता, याने पडतो. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान दे ग्रोट यांनी ग्रँडमास्टर आणि त्यांच्याहून कमी ताकदीचे खेळाडू अशा दोघांपुढे एकच स्थिती मांडून त्यांना मोठ्याने बोलत विचार करायला लावलं. १९४६ मध्ये त्यांचा हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ग्रँडमास्टर इतरांपेक्षा फार खोलवर मोजत नव्हते, पण कामाच्या चालीकडे त्यांचं लक्ष चटकन जात होतं.

पहिला प्रश्न तुमच्या चालीबद्दल नसतोच. समोरच्याने आत्ता केलेल्या चालीने काय बदललं, तिथून सुरुवात करा. शाळेच्या स्पर्धांत रोज दिसणारा डाव घ्या. (घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी रांग, अंक म्हणजे आडवी.) पांढऱ्याचं प्यादं ई४, काळ्याचं ई५. पांढऱ्याचा उंट सी४ वर, काळ्याचा घोडा सी६ वर. आता पांढऱ्याचा वजीर एच५ वर येतो. काळा खूश होतो: वजीर बाहेर आलाय, त्याच्यावर हल्ला करू! आणि घोडा एफ६ वर आणतो. पुढच्याच चालीला वजीर एफ७ चं प्यादं घेतो आणि मात. घोड्याची चाल सुचणं चुकीचं नव्हतं. वजीर तिथे कशासाठी आला, हे आधी विचारलं असतं तर उंट आणि वजीर दोघांची नजर एफ७ वर आहे हे दिसलं असतं. मग जी६ खेळून वजिराला हटवता आलं असतं आणि घोडा त्यानंतर निवांत एफ६ वर आला असता.

याच प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग बहुतेक जण सोडून देतात. प्रत्येक चाल काहीतरी मिळवते तसं मागे काहीतरी सोडूनही जाते. सोंगटी जिथून उठली, तिथून ती कशाची राखण करत होती? कुठली रेघ मोकळी झाली? तालमीतला पैलवान समोरच्याने पकड बदलली की कुठली बाजू सैल पडली ते आधी बघतो, तसंच हे.

त्यानंतर तीन गोष्टी, याच क्रमाने: शह, मार, धमकी. आधी माझ्याकडे कोणते शह आहेत, मग काय काय मारता येतं, मग कशावर हल्ला करता येतो. आणि हीच यादी समोरच्याच्या बाजूनेही. अठराव्या शतकातल्या लेगाल या फ्रेंच खेळाडूच्या नावाने ओळखली जाणारी मात यासाठी जरूर मांडून बघा. आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची, आणि सोंगटीचं नाव नाही तिथे प्यादं: ई४ ई५, घोडा एफ३ डी६, उंट सी४ आणि काळ्याचा उंट जी४, घोडा सी३ जी६. आता पांढरा चक्क एफ३ चा बांधलेला, म्हणजे हलला तर मागचा वजीर जाईल असा, घोडा उचलून ई५ चं प्यादं मारतो आणि वजीर उघडा टाकतो. काळ्याने वजीर घेतला की उंट एफ७ वर शह, राजा ई७ वर, आणि दुसरा घोडा डी५ वर येऊन मात. "फुकटचा वजीर" घेण्याआधी काळ्याने पांढऱ्याचे शह मोजले असते, तर डी६ च्या प्याद्याने घोडा मारून तो एका प्याद्याच्या नुकसानीवर सुटला असता.

पटावर शांतता असेल, कुणाचीच धमकी नसेल, तर आपली सगळ्यात बेकार बसलेली सोंगटी शोधा आणि तिला काम द्या. सुरुवातीच्या खेळाडूला एवढी योजना पुरते.

यातून दोन-तीन चाली निवडा आणि प्रत्येकीवर समोरच्याचं सगळ्यात कडक उत्तर शोधा. आपल्याला सोयीचं उत्तर शोधायचं नाही. त्या मोहात चांगले चांगले अडकतात.

चाल ठरली तरी हात अजून मांडीखालीच. नजर पटावरून पूर्ण काढा, मग पुन्हा बघा: ही चाल केल्यावर पहिल्याच फटक्यात माझं काय जातं? जुन्या काळी चाल आधी कागदावर लिहून मग पट तपासायला शिकवत. आता फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमानुसार बरोबरीचा दावा वगैरे सोडला तर चाल आधी लिहिता येत नाही, त्यामुळे ही तपासणी डोक्यातच करायची. आणि शिवलेली सोंगटी चालवावीच लागते, म्हणून ती हात लावण्याआधी करायची.

एवढं सगळं प्रत्येक चालीला करायला वेळ कुठे, असं मुलं विचारतात. रास्त आहे. डावाला ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद मिळतात तिथे पुरतो, रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळाच्या झटपट डावांत, नाही. तिथे मधले प्रश्न आखडते घ्या, पण पहिला आणि शेवटचा कधीच गाळू नका. मारामारीत परत मारण्याशिवाय इलाज नसेल तिथे लगेच खेळा आणि वाचलेला वेळ डावाला वळण देणाऱ्या चालीसाठी ठेवा.

मोबाइलवर शेकडो कोडी सोडवणारी मुलं सांगलीच्या स्पर्धेत तीच युक्ती समोर असून चुकतात. कारण कोड्यात काहीतरी दडलंय हे आधीच माहीत असतं. डावात तसं कुणी सांगत नाही. म्हणून कोडं उघडल्यावर आधी समोरच्याला पुढची चाल मिळाली तर तो काय करेल, हे शोधा, मगच उत्तराकडे वळा. आणि हरलेल्या डावाचा कागद घरी आणाल तेव्हा घसरलेल्या चालीशेजारी कोणता प्रश्न विचारायचा राहिला तेवढंच लिहा. पाच-सहा कागद जमले की एकच प्रश्न पुन्हा पुन्हा दिसायला लागतो. पुढच्या स्पर्धेत बाकीचं सोडून त्याच्यावरच लक्ष ठेवा.