भाडेकरार बॅलन्स शीटवर कसा येतो : आर्टिकलशिपपासूनचा माझा अनुभव

२०१९ चा जुलै. आर्टिकलशिपला, म्हणजे सीए होताना करायच्या प्रत्यक्ष कामाच्या ट्रेनिंगला, लागून मला जेमतेम चार महिने झाले होते आणि मुंबईत नेहमीसारखा धो धो पाऊस. आमच्या फर्मकडे कपड्यांची दुकानं चालवणारी एक लिस्टेड कंपनी होती, जून क्वार्टरचा लिमिटेड रिव्ह्यू (तिमाही आकड्यांची ऑडिटपेक्षा हलकी तपासणी) चालू होता, आणि लोअर परळच्या त्यांच्या ऑफिसात माझ्यासमोर भाडेकरारांच्या फायलींचे तीन खोके आणून ठेवले. साठेक दुकानं, प्रत्येकाचा करार वेगळा. त्याच वर्षी १ एप्रिलपासून इंड एएस ११६, म्हणजे लीजच्या (भाडेकरारांच्या) हिशोबाचं नवीन स्टँडर्ड, लागू झालं होतं. मला माहीत होतं एवढंच की भाडं म्हणजे खर्च, दर महिन्याला रेंट डेबिट आणि बँक क्रेडिट, विषय संपला. नवीन मुलामुलींना आजही तेवढंच माहीत असतं म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी बदल का झाला ते बघा, नाहीतर सगळं पाठांतर वाटेल. जुन्या नियमात लीजचे दोन प्रकार होते, फायनान्स (जवळपास विकत घेतल्यासारखी) आणि ऑपरेटिंग (साधं भाडं). ऑपरेटिंग असली की बॅलन्स शीटवर काहीच यायचं नाही, फक्त नोट्समध्ये पुढच्या वर्षांच्या कमिटमेंट्स द्यायच्या. म्हणजे एखादी एअरलाइन भाड्याच्या विमानांवर चालतेय, पुढची दहा वर्षं भाडं देणं बांधील आहे, पण बॅलन्स शीटवर ना विमान ना देणं. आंतरराष्ट्रीय अकाउंटिंग स्टँडर्ड्स बोर्डाचे तेव्हाचे चेअरमन डेव्हिड ट्वीडी म्हणायचे की एकदा तरी एअरलाइनच्या बॅलन्स शीटवर असलेल्या विमानातून उडायची माझी इच्छा आहे. बोर्डाच्या अंदाजानुसार लिस्टेड कंपन्यांच्या लीज कमिटमेंट्स ३.३ ट्रिलियन डॉलर होत्या आणि त्यातल्या ८५ टक्क्यांहून जास्त बॅलन्स शीटच्या बाहेर. म्हणून जानेवारी २०१६ मध्ये आयएफआरएस १६ हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आलं आणि आपलं इंड एएस ११६ त्याच धर्तीवर. आता भाडेकरूसाठी तो फरकच गेला, पुढे द्यायच्या भाड्याची आजची किंमत काढायची, ती लीज लायबिलिटी, आणि समोर जागा वापरायच्या हक्काची ॲसेट, जिला सगळे आरओयू (राइट ऑफ यूज) म्हणतात. मालकाच्या बाजूला मात्र ऑपरेटिंग आणि फायनान्स अजून आहेच, इथे परीक्षेत बरेच जण घसरतात.

एक साधं गणित हाताने करून बघा, एक्सेल नंतर. वर्षाला १२ लाख भाडं, ३ वर्षं, व्याजाचा दर १० टक्के, भाडं वर्षाच्या शेवटी देतोय असं धरू. आजची किंमत येते २९.८४ लाख. ॲसेट तेवढी, देणं तेवढं. डेप्रिसिएशन (घसारा) दर वर्षी ९.९५ लाख. व्याज पहिल्या वर्षी २.९८ लाख, दुसऱ्या वर्षी २.०८, तिसऱ्या वर्षी १.०९. म्हणजे एकूण खर्च पहिल्या वर्षी साधारण १२.९३ लाख, मग १२.०३, मग ११.०४. तिन्हींची बेरीज ३६ लाखच, पण आधी जास्त आणि नंतर कमी. आणि रेंटची ओळ गेली की एबिटा, म्हणजे व्याज, कर आणि डेप्रिसिएशन वजा करण्याआधीचा नफा, वाढतो, कारण खर्च आता डेप्रिसिएशन आणि व्याजात गेला, खिशातून जाणारा पैसा तोच. कॅश फ्लोमध्येही ते पेमेंट ऑपरेटिंगमधून उठून फायनान्सिंगमध्ये जातं. मला हे ३ वर्षांचं कोष्टक कागदावर उतरवल्यावरच डोक्यात बसलं.

आता माझी चूक. त्या क्वार्टरमध्ये उघडलेल्या नवीन दुकानांसाठी मी सरळ एक्सेलचं एनपीव्ही, म्हणजे आजची किंमत काढायचं फंक्शन, लावलं. ते फंक्शन धरतं की पैसे महिन्याच्या शेवटी जातात, आणि आपल्याकडे दुकानाचं भाडं बहुतेक करारात महिन्याच्या सुरुवातीला, ॲडव्हान्समध्ये. महिन्याला १ लाख, ३ वर्षं आणि १० टक्के असतील तर एका दुकानात लायबिलिटी साधारण ७४ हजारांनी जास्त आणि ॲसेट साधारण २६ हजारांनी कमी धरली जाते, कारण पहिल्या दिवशी दिलेला हप्ता देण्यात येतच नाही, तो थेट आरओयूत जातो. मॅनेजर मॅडमनी पकडलं, सगळ्या शीट्स परत केल्या, रात्री परळहून शेवटच्या काही लोकलपैकी एक पकडून मुलुंडला घरी गेले. तेव्हापासून आधी करारातलं पेमेंटचं कलम वाचते, मग फॉर्म्युला.

कराराच्या नावावरूनही खूप गोंधळ होतो, आणि हा खास आपल्या मुंबईचा. क्लायंटच्या अकाउंट्समधले एक काका मला समजावत होते, अगं बाळ हे लीव्ह अँड लायसन्स आहे, लीज नाही, याला तुमचं ११६ कसं लागेल. कायद्याने त्यांचं बरोबर होतं, लायसन्स आणि लीज वेगळे, लायसन्सची व्याख्या १८८२ च्या ईझमेंट्स ॲक्टमध्ये आहे. पण अकाउंटिंग नाव बघत नाही. ठरावीक जागा आहे का, तिचा जवळपास सगळा फायदा तुम्हाला मिळतो का, आणि ती कशी आणि कशासाठी वापरायची हे तुम्ही ठरवता का, या तिन्हींचं उत्तर हो असेल तर ती लीज. उलट बीकेसीतल्या को-वर्किंगमध्ये ३० सीट घेतल्या आणि चालवणारा त्याच्या सोयीने तुम्हाला कधीही दुसऱ्या मजल्यावर हलवू शकतो, त्यात त्याचा फायदाही आहे, तर ठरावीक जागाच नाही म्हणून लीज नाही, तो साधा सर्व्हिसचा खर्च.

११ महिन्यांचे करारही भरपूर भेटतील. १२ महिने किंवा कमी मुदत असेल आणि विकत घ्यायचा ऑप्शन नसेल तर शॉर्ट-टर्मची सूट घेता येते, भाडं जुन्यासारखं खर्चात. (महाराष्ट्रात रेंट कंट्रोल ॲक्टच्या कलम ५५ मुळे लीव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचा असो, रजिस्टर करावाच लागतो, त्यामुळे कागद मिळत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, रजिस्टर्ड कॉपी मागा.) पण एकाच मालकाकडे आठ वर्षं ११-११ महिने चालू असेल तर थांबून विचारा की रिन्यू करायचा हक्क एकट्या भाडेकरूच्या हातात आहे का, आणि सोडून गेलं तर कोणाचं किती नुकसान होतं. नुसता ११ चा आकडा बघून सूट टिक करू नका.

ह्या विषयाचा जीव लीज टर्ममध्ये आहे, बाकी सगळं गणित. त्या दुकानांचे बरेच करार ९ वर्षांचे, पहिली ३ वर्षं लॉक-इन, नंतर भाडेकरू कधीही तीन महिन्यांची नोटीस देऊन निघू शकतो, मालक मात्र काढू शकत नाही. कंपनीने सगळीकडे टर्म ३ वर्षं धरली होती, मी पण टिक मारत गेले. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "दुकानाच्या फर्निचरचं आणि इंटिरियरचं डेप्रिसिएशन किती वर्षांत करतात गं?" मी फिक्स्ड ॲसेट रजिस्टर काढलं, तर ९ वर्षं! म्हणजे एकीकडे कंपनी म्हणते आम्ही ३ वर्षांत निघू शकतो आणि दुसरीकडे त्याच भिंतींवर केलेला खर्च ९ वर्षं टिकेल म्हणते. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल. नियमाची भाषा अशी की भाडेकरू बाहेर पडणार नाही हे पुरेशा खात्रीने म्हणता येत असेल तर तेवढा काळही टर्ममध्ये धरायचा, आणि ती खात्री फिट-आउटचा (फर्निचर-इंटिरियरचा) खर्च, दुकानाचं लोकेशन, हलवायचा खर्च, कंपनी आधी कशी वागली यावरून येते. पुढचे दोन आठवडे प्रत्येक दुकानावर बोलणं झालं, स्टेशनजवळची चालणारी दुकानं ९ वर्षांवर गेली, दोन-तीन तोट्यातली ३ वरच राहिली, आणि लायबिलिटीचा आकडा खूपच वाढला. सीएफओ सर सुरुवातीला नाराज होते पण चर्चेला बसले, आणि प्रत्येक दुकानाचं कारण लेखी झालं. मला ऑडिट म्हणजे काय ते त्या दोन आठवड्यांत कळलं असं मी मनापासून म्हणेन.

बारीक गोष्टी पटकन सांगते. जीएसटी लायबिलिटीत धरायचा नाही. भाडं बँक स्टेटमेंटवरून उचलू नका, तिथे टीडीएस कापून गेलेली रक्कम असते, कराराची ग्रॉस रक्कम घ्या. मॉलमध्ये मिनिमम गॅरंटी किंवा विक्रीचे अमुक टक्के, जे जास्त ते, असं असतं, तर गॅरंटी लायबिलिटीत, वरचे टक्के ज्या महिन्यात विक्री झाली तेव्हा खर्चात. दर वर्षी ठरलेले ५ टक्के वाढणार असेल तर ती वाढ पहिल्या दिवसापासून गणितात. आणि डिपॉझिट विसरू नका, मुंबईत ती रक्कम मोठी असते. १० लाख बिनव्याजी ३ वर्षांसाठी दिले आणि दर १० टक्के धरला तर डिपॉझिटची आजची किंमत ७.५१ लाख, उरलेले २.४९ लाख आगाऊ भाड्यासारखे आरओयूत जातात.

नोकरी शोधताना एक लक्षात ठेवा, सगळ्या कंपन्यांना ११६ नाही. लहान अनलिस्टेड कंपन्या अजून एएस १९ या जुन्या भारतीय स्टँडर्डवर आहेत, तिथे ऑपरेटिंग लीज जुन्यासारखीच, भाडं स्ट्रेट लाइनने. आणि ऐरोली, पवईकडे अमेरिकन कंपन्यांची जी फायनान्स सेंटर्स आहेत तिथे एएससी ८४२ हे अमेरिकेचं लीज स्टँडर्ड भेटेल, त्यात देणं आणि ॲसेट बॅलन्स शीटवर येतात पण भाडेकरूसाठी ऑपरेटिंग हा प्रकार शिल्लक आहे आणि खर्च एकाच ओळीत, साधारण सारखा.

मी आता इंटरव्ह्यू घेते तेव्हा डेफिनिशन विचारत नाही. एक जुना करार, नावं खोडून, समोर ठेवते आणि म्हणते वीस मिनिटं घ्या, टर्म किती ते सांगा. बरेच जण पहिल्या पानावरची तारीख बघून उत्तर देतात. टर्मिनेशनचं कलम सहसा मागे, अकराव्या-बाराव्या पानावर असतं.