लंडनमध्ये शिकताना नाट्यसंस्थेत इंटर्नशिप कशी करावी

लंडनमध्ये शिक्षण घेताना एखाद्या नाट्यसंस्थेत इंटर्नशिप करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने सर्वप्रथम तासांचा हिशेब मांडावा, कारण तालमीच्या खोलीत किती शिकायला मिळेल हे बऱ्याच अंशी त्या हिशेबावरच ठरते. विद्यार्थी व्हिसा पदवी किंवा त्यावरील अभ्यासक्रमासाठी मिळाला असेल, तर सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तास काम करता येते. त्याखालच्या अभ्यासक्रमांना ही मर्यादा १० तासांची आहे. आठवडा सोमवार ते रविवार असा धरला जातो आणि त्यात सरासरी चालत नाही, म्हणजे एका आठवड्यात २५ तास काम करून पुढच्या आठवड्यात १५ तासांवर भागवले, तरी नियमभंग झालेलाच असतो. बिनपगारी नोकरीचे तासही यात मोजले जातात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांची आणखी एका ठिकाणी फसगत होते: वर्ग संपले की सुट्टी लागली असे त्यांना वाटते, परंतु प्रबंधलेखनाचे उन्हाळी महिने त्यांच्यासाठी बहुधा सत्रातच गणले जातात. त्यामुळे सत्राच्या अधिकृत तारखा विद्यापीठाकडून लेखी मागून घ्याव्यात.

या व्हिसावर स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम करता येत नाही, आणि नाट्यक्षेत्रात हा नियम विशेष जाचक ठरतो, कारण तेथील प्रकाशयोजनाकार, नेपथ्यकार आणि रंगमंच व्यवस्थापनातील अनेक जण प्रत्येक नाटकापुरते करार करून स्वतंत्रपणेच काम करतात. संस्थेने ‘कामाचे बिल पाठवा’ असे सुचवले, तर ते नम्रपणे नाकारून रीतसर नोकरीचा करार मागावा. नट, नर्तक किंवा संगीतकार म्हणून व्यावसायिक काम करण्यासही मनाई आहे. मात्र इंटर्नशिप अभ्यासक्रमाचाच भाग असेल आणि तिचे मूल्यमापन होणार असेल, तर ते तास २० च्या मर्यादेत धरले जात नाहीत. अशा अनिवार्य इंटर्नशिपसाठी किमान वेतन देण्याचे बंधन संस्थेवर नसते. पण ठरलेली कामे आणि ठरलेल्या वेळा असलेली, अभ्यासक्रमाबाहेरची इंटर्नशिप बिनपगारी देऊ केली गेली, तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाला करार दाखवल्याखेरीज त्यावर सही करू नये.

संस्था निवडताना केवळ मोठ्या नावाकडे पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साउथ बँकवरील नॅशनल थिएटरमध्ये तीन प्रेक्षागृहे आहेत आणि प्रत्येक विभागाचे काम काटेकोरपणे वाटलेले आहे, त्यामुळे तिथे एकाच विभागाची खोलवर ओळख होते. याउलट छोट्या संस्थेत सकाळी रंगसाहित्य गोळा करणारा विद्यार्थी संध्याकाळी संहिता हातात घेऊन बसलेला असतो. नवे नाट्यलेखन जवळून पाहायचे असेल, तर स्लोन स्क्वेअरच्या रॉयल कोर्टचे काम अभ्यासावे. दक्षिण आशियाई अनुभवातून उभ्या राहिलेल्या रंगभूमीविषयी आस्था असेल, तर १९७७ मध्ये स्थापन झालेली अर्ल्सफील्डची तारा आणि १९८९ पासून काम करणारी तमाशा या संस्थांची वाटचाल समजून घ्यावी. अर्जाच्या पत्रात ‘मला नाटकाची आवड आहे’ असे लिहिण्यापेक्षा त्या संस्थेचा एखादा प्रयोग पाहून त्यातील एका दृश्याविषयी नेमकेपणाने चार वाक्ये लिहावीत.

तालमी सुरू होण्यापूर्वी रंगमंच व्यवस्थापनाची मंडळी एक काम करतात, ते पाहण्याची संधी कदापि सोडू नये. नेपथ्यकाराचा आराखडा बहुधा १:२५ या प्रमाणात असतो. त्यावरून मापे घेऊन तालमीच्या जमिनीवर भिंती, दारे आणि पायऱ्या रंगीत चिकटपट्ट्यांनी आखल्या जातात. या वेळी मोजपट्टीचे दुसरे टोक धरायला मिळाले, तरी कागदावरचे नेपथ्य जागेवर कसे उतरते हे एका सकाळीत समजते. डावी-उजवी बाजू प्रेक्षकांच्या नव्हे, तर प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाच्या दृष्टीने सांगितली जाते, हे पहिल्याच दिवशी मनात पक्के करावे.

त्यानंतर शक्य तितका वेळ डेप्युटी स्टेज मॅनेजरच्या, म्हणजे तालमीची नोंद ठेवून प्रयोगात इशारे देणाऱ्या उपव्यवस्थापकाच्या, शेजारी बसावे. या व्यक्तीजवळ असलेल्या प्रॉम्प्ट बुकमध्ये एका बाजूला संहिता आणि दुसऱ्या बाजूला नटांच्या हालचाली, प्रकाशाचे, ध्वनीचे व नेपथ्यबदलाचे क्यू (कोणता बदल नेमका केव्हा करायचा याचे इशारे) नोंदलेले असतात, आणि हे सर्व पेन्सिलीने लिहिले जाते, कारण दिग्दर्शक उद्या ते बदलणार असतो. परवानगी घेऊन एका प्रवेशाची अशी नोंद स्वतःच्या वहीत करावी आणि दिवसाच्या शेवटी मूळ प्रतीशी ताडून पाहावी. नाटक वाचणे आणि ते चालवणे यांतील अंतर मला या एका अभ्यासाइतके दुसऱ्या कशातूनही उमगलेले नाही.

खरी अडचण तांत्रिक तालमींच्या, म्हणजे प्रकाश, ध्वनी व नेपथ्यासह रंगमंचावर होणाऱ्या तालमींच्या, आठवड्यात येते. त्या दिवसांत सकाळी दहा ते रात्री दहा अशी तीन सत्रे चालणे नेहमीचे असते. मधली दोन तासांची विश्रांती वजा केली, तरी तीन दिवसांचे ३० तास होतात, म्हणजेच २० तासांची मर्यादा दुसऱ्या दिवसअखेरीस संपलेली असते. म्हणून इंटर्नशिप ठरवतानाच नाटकाचे वेळापत्रक मागवावे आणि हा आठवडा शक्यतो अधिकृत सुट्टीत येईल असे पाहावे. ते जमत नसेल, तर कोणते दोन दिवस उपस्थित राहणार हे आधीच सांगावे. ऐनवेळी निघून जाणाऱ्यापेक्षा आधी मर्यादा सांगणाऱ्याला संस्था अधिक विश्वासाने काम देतात.

प्रयोगाच्या दिवशी तेथील वेळेची भाषा ठाऊक असणे आवश्यक आहे. आपल्याकडे तिसऱ्या घंटेला जे महत्त्व आहे, ते तिथे ‘हाफ’ला आहे. नावाप्रमाणे ती अर्ध्या तासाची सूचना वाटते, परंतु ती पडदा उघडण्याच्या ३५ मिनिटे आधी दिली जाते. ‘क्वार्टर’ २० मिनिटे आधी, ‘फाइव्ह’ १० मिनिटे आधी आणि ‘बिगिनर्स’ ५ मिनिटे आधी. याचे कारण असे की, सगळी मोजणी पडद्यापासून नव्हे, तर सुरुवातीच्या नटांनी जागेवर येण्याच्या क्षणापासून केली जाते. प्रयोग साडेसातचा असेल, तर ‘हाफ’ ६:५५ ला होतो, आणि त्यापूर्वी प्रत्येक नट इमारतीत असलाच पाहिजे. विंगेत शिट्टी वाजवू नये. या संकेताची उपपत्ती अशी सांगतात की, पूर्वी पडदे ओढण्याचे काम करणारे खलाशी शिट्टीने इशारे देत असत.

दैनंदिन जीवनाची घडी या वेळांभोवतीच बसवावी लागते. प्रयोग रात्री दहानंतर संपत असल्याने घर निवडताना केवळ भाडे न पाहता रात्रीच्या बसचा मार्ग पाहावा. मेट्रोची रात्रसेवा फक्त शुक्रवारी व शनिवारी आणि ठरावीक मार्गांवरच असते. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या ऑयस्टर (लंडनमधील प्रवासाचे कार्ड) ओळखपत्रावर प्रवासाच्या पासात ३० टक्के सवलत असते, त्यासाठी पहिल्याच आठवड्यात अर्ज करावा. घराजवळच्या जीपीकडे (सरकारी आरोग्यसेवेतील स्थानिक डॉक्टरकडे) नावनोंदणी आजारी पडण्यापूर्वीच करावी, कारण आरोग्य अधिभार व्हिसाबरोबर भरलेलाच असतो. रात्री उशिरा परतल्यावर स्वयंपाक होत नाही, म्हणून रविवारी दोन-तीन दिवसांचे जेवण करून ठेवावे. सकाळी नऊच्या तासिकेचा दिवस आणि रात्रीच्या प्रयोगाचा दिवस लागोपाठ येऊ देऊ नयेत. केलेले तास रोज रात्री तारखेसह लिहून ठेवावेत.

शेवटच्या प्रयोगानंतर त्याच रात्री नेपथ्य उतरवण्याचे काम सुरू होते, त्याला तिथे ‘गेट-आउट’ म्हणतात. पुढे पोलादी टोपण असलेले बूट आणि शिरस्त्राण असल्याशिवाय त्या रंगमंचावर पाऊल ठेवू नये आणि सांगितल्याशिवाय कशालाही हात लावू नये. शिफारसपत्राची विनंती मात्र या रात्रीपर्यंत लांबवू नये, कारण करारावर काम करणारी मंडळी सोमवारी दुसऱ्या नाटकाच्या तालमीला गेलेली असतात. अखेरच्या आठवड्यातील एखाद्या दुपारच्या प्रयोगानंतर, आपण कोणकोणती कामे केली याची एका पानाची यादी सोबत देऊन, ती विनंती करावी.