अर्धं कवेलूचं, अर्धं स्लॅबचं: विमा काढण्याआधीची तयारी

समोरच्या दोन खोल्यांवर स्लॅब, मागे मातीची भिंत आणि कवेलू (कौलं), गच्चीवर टिनाची खोली. नागपूरच्या महाल-इतवारीत असं घर गल्लोगल्ली सापडतं. विम्याचा एजंट मात्र फॉर्मवर सरळ 'पक्कं' अशी खूण करतो. सही करण्याआधी कागदावर घराचा साधा नकाशा काढा आणि प्रत्येक खोलीची भिंत, छत आणि बांधकामाचं अंदाजे वर्ष लिहा. हाच कागद फॉर्मला जोडायचा.

१ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या 'भारत गृह रक्षा' या घरविम्याच्या पॉलिसीत लाकडी फळ्या, गवत, बांबू, प्लॅस्टिक, कापड, ताडपत्री 'आणि तत्सम' वस्तूंची भिंत किंवा छत असेल तर ते बांधकाम कच्चं. कवेलू, टिन, माती यांची नावं त्यात नाहीत. पण 'तत्सम'मध्ये उद्या काय बसवलं जाईल, याचा नेम नाही. म्हणून कंपनीला ई-मेलवर विचारा आणि उत्तर पॉलिसीसोबत ठेवा. एजंटचं तोंडी 'होऊन जाईल' क्लेमच्या वेळी कामाचं नाही.

विम्याची रक्कम ठरवण्यासाठी टेप घेऊन आतलं चटई क्षेत्र मोजा. ६०० चौरस फूट म्हणजे सुमारे ५५.७ चौरस मीटर. बांधकामाचा दर समजा चौरस मीटरला २०,००० रुपये धरला, तर रक्कम ११.१४ लाख. जागेची किंमत यात धरायची नाही. सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख, आपोआप मिळतात. सागवानी खांब-मयाल (तुळया) असतील तर दर सुताराला विचारूनच धरा. स्लॅबच्या दरात ते काम होत नाही.

फोटो मृगाआधी काढा. कवेलूचा उतार स्लॅबला भिडतो तो सांधा जवळून घ्या, कारण पाणी तिथूनच उतरतं, आणि वर्षानुवर्षं मुरलेली ओल विम्यात बसत नाही. वाळवीनं पोखरलेले वासेही नाही. ते आधीच बदला, सुताराची पावती ठेवा. नाग नदीकाठी घर असेल तर जोत्याची उंची दिसेल असाही एक फोटो हवा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात अंबाझरी लेआउटमधली पक्की घरंही पाण्यात होती. कूलरची वायरिंग जुनी असेल तर वायरमनकडून तपासून घ्या.

कागदांत आखीव पत्रिका, मनपाची टॅक्स पावती, लेआउटमधलं घर असेल तर आर.एल. लेटर (भूखंड नियमित केल्याचं पत्र). भावांचा सामाईक वाडा असेल तर कोणाचा हिस्सा कोणता, हेही लिहून द्या.

पुढे कवेलू काढून स्लॅब टाकला किंवा गच्चीवर प्लायची खोली चढवली, तर नूतनीकरणाची वाट न पाहता कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या.