आईवडिलांना घेऊन कच्छच्या रणात : भुज ते धोलावीरा प्रवासाची आखणी

आईला किंवा वडिलांना वाळवंट दाखवायचे म्हटले की बहुतेक मराठी घरांत जैसलमेरचे नाव निघते. माझे मत मात्र कच्छच्या बाजूने आहे. मुंबईहून रात्रभराच्या रेल्वेप्रवासाने भुजला पोहोचता येते, आणि भुजहून खावडा गावामार्गे धोलावीऱ्याला, म्हणजे हडप्पाकालीन नगराच्या अवशेषांच्या ठिकाणी, जाणाऱ्या रस्त्यावरचे उत्तम दृश्य, ज्यांना फार चालवत नाही त्यांनाही गाडीच्या काचेतून बसल्या जागी दिसते. सत्तरीतल्या माणसाबरोबर निघताना याहून महत्त्वाचे काही नाही.

प्रवास डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत करावा. पावसाळ्यात रणात पाणी भरते, ते हळूहळू आटते आणि मग मिठाचा पांढरा थर वर येतो. नोव्हेंबरात गेल्यास बऱ्याच भागात पाणीच दिसते, तर मार्चनंतरचे ऊन वयस्कर माणसाला सोसवत नाही. हिवाळ्यातही दुपारी ऊन लागते आणि रात्री मात्र कडक थंडी पडते, तेव्हा टोपी आणि कानटोपी दोन्ही सोबत हव्यात. चांदण्यातले रण पाहण्यासाठी नेमक्या पौर्णिमेचा हट्ट धरू नये. त्या रात्री गर्दी असते आणि राहण्याचे दरही चढलेले असतात. एकदोन दिवस आधी गेल्यास चंद्र जवळजवळ तेवढाच भरलेला असतो आणि आईवडिलांना निवांत बसायला जागा मिळते.

गाडी भुजमध्येच चालकासह भाड्याने घ्यावी, आणि ठरवण्यापूर्वी ती प्रत्यक्ष पाहावी. उंच गाड्यांत चढताना गुडघ्यांवर फार ताण येतो. ज्या गाडीची बैठक साधारण कमरेच्या उंचीवर येते, म्हणजे चढावेही लागत नाही आणि वाकावेही लागत नाही, ती योग्य. पुढची जागा आईला किंवा वडिलांना द्यावी आणि कमरेमागे घडी केलेला टॉवेल ठेवावा. पांढऱ्या रणाचा भाग सीमेजवळचा असल्यामुळे तिथे जाण्यासाठी परवाना लागतो. तो आधी ऑनलाइन काढून ठेवला तर त्यांना रांगेत ताटकळावे लागत नाही. मूळ ओळखपत्रे आणि त्यांच्या छायाप्रती मात्र जवळ असाव्यात.

या प्रवासातली खरी अडचण स्वच्छतागृहाची आहे, आणि ती मोकळेपणाने बोलली जात नाही म्हणून अधिक त्रासदायक ठरते. वाटेत सोय होईल की नाही या धास्तीने आपली आई पाणीच पीत नाही. वयाबरोबर तहानेची जाणीव आधीच मंदावलेली असते, त्यात रणातली हवा कोरडी, आणि संध्याकाळपर्यंत चक्कर, डोकेदुखी किंवा पायात गोळे सुरू होतात. यावर उपाय एवढाच की पुढचा थांबा कुठे आहे आणि तो किती वेळाने येईल हे निघण्यापूर्वीच त्यांना स्पष्ट सांगावे, आणि तो थांबा चुकवू नये. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर प्रवासाच्या दिवशी ती कोणत्या वेळी घ्यावी हे डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे. इन्शुलिन उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नये. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांना मिठावरून परतणारा लखलखाट फार बोचतो. चांगला काळा चष्मा हवाच.

पहिला दिवस भुजमध्ये विश्रांतीचा ठेवावा. दुसऱ्या दिवशी न्याहारी करून पांढऱ्या रणाजवळच्या धोर्डो गावाकडे निघावे. अंतर ऐंशीएक किलोमीटर आहे. वाटेत भिरंडियारा गावात मोठ्या कढईत आटवलेला ताजा मावा मिळतो, मधुमेह असेल तर चमचाभरावर थांबावे. धोर्डोला वाहनतळापासून मिठापर्यंतचे अंतर चालण्याऐवजी उंटगाडीने जावे. मीठ पायाखाली करकरते आणि वरून फरशीसारखे टणक वाटते, पण त्याखाली काळपट ओला चिखल असतो. म्हणून पायात घट्ट बसणारे बूट असावेत, चप्पल नको, आणि इतरांची पावले जिथे उमटली आहेत तिथवरच जावे.

तिसऱ्या दिवशी काळो डुंगर. कच्छमधले हे सर्वांत उंच ठिकाण असून तिथे दत्तात्रेयांचे मंदिर आहे, आणि गाणगापूर-नरसोबाची वाडी करणाऱ्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना पाकिस्तानच्या सीमेलगत दत्तमहाराज भेटतात याचे किती अप्रूप वाटते, ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसते. आरतीनंतर इथे कोल्ह्यांसाठी प्रसाद ठेवण्याची जुनी प्रथा आहे. कोल्हे येतीलच असे नाही, हे आधी सांगून ठेवावे. वाहनतळापासून थोडी चढण आहे, तिला घाई करू नये.

खावड्यात जेवून साधारण तीन वाजता धोलावीऱ्याकडे निघावे. ही वेळ मुद्दाम निवडायची, कारण हा रस्ता पूर्वेकडे जातो. सकाळी निघालात तर सूर्य थेट समोर येतो आणि पुढे बसलेल्या माणसाला डोळे मिटून घ्यावे लागतात. दुपारनंतर तो पाठीशी असतो आणि दोन्ही बाजूंचे रण नितळ दिसते. सुमारे तीस किलोमीटर गाडी रणाच्या मधून जाते, आणि काही ठिकाणी पाणी शिल्लक असेल तर रोहित पक्षीही दिसतात. या पट्ट्यात हॉटेल, पेट्रोल किंवा स्वच्छतागृह यांची आशा धरू नये. फोनलाही भरवशाची रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि खावडा सोडण्यापूर्वी सगळे उरकून घ्यावे. थांबायचे तर रुंद जागा पाहून थांबावे, गाडी मिठावर मुळीच उतरवू नये. इथे चालकाला वेग कमी ठेवायला सांगावे आणि आपण गप्प बसावे. माझी आई या रस्त्यावर बराच वेळ काहीच बोलली नाही, आणि मग तिने तिच्या माहेरच्या नदीबद्दल अशा गोष्टी सांगितल्या ज्या मी कधी ऐकल्या नव्हत्या.

धोलावीऱ्यात राहण्याच्या जागा मोजक्याच आहेत, म्हणून खोली आधी ठरवावी आणि ती तळमजल्यावर मागावी. हडप्पाकालीन नगराचे अवशेष दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पाहावेत. 2021 मध्ये युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, पण परिसर मोठा असून सावली जवळजवळ नाही. सगळे पाहण्याचा आग्रह सोडून दगडात खोदलेले पाण्याचे हौद तेवढे नीट दाखवावेत. दोन हंगामी ओढ्यांचे पाणी बांध घालून वळवायचे आणि वर्षभर साठवायचे, ही त्या लोकांची योजना विहिरीवरून पाणी भरलेल्या पिढीला समजावून सांगावी लागत नाही. हौदाच्या पायऱ्या उतरायला लावू नयेत. काठावरून सगळे दिसते.

परतीला मात्र सकाळीच निघावे, म्हणजे सूर्य पुन्हा पाठीशी राहतो. भुजला पोहोचल्यावर त्याच दिवशीची गाडी न धरता एक रात्र मुक्काम करावा आणि आरक्षण करतानाच खालचा बर्थ मागून घ्यावा.