कॅम्परचं इंजिन बांधायचं की बदलायचं: ठरवण्याआधीची तयारी

ही यादी जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर, म्हणजे राहता येईल अशी गाडी, करून फिरणाऱ्यांसाठी. बांधायचं म्हणजे जुनंच इंजिन खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडायचं. आमच्या मागच्या यादीत सगळं होतं, रेडिएटर तेवढा नव्हता. बांधलेलं इंजिन त्याच जुन्या रेडिएटरवर चढलं आणि घाटात पुन्हा तापून बसलं. त्यामुळे खाली रेडिएटर वारंवार येणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

सुरुवात इंजिन का गेलं इथून करा. गॅरेजवाला "इंजिन बसलंय, खोलावं लागेल" म्हणतो तेव्हा तो काय झालं ते सांगत असतो, कशामुळे झालं ते नाही. कॅम्पर कायम भरलेला असतो. कपाटं, पलंग, बॅटऱ्या, पाण्याची टाकी, आणि वर एप्रिल-मे मधले घाट. म्हणून गाडी नेहमीच्या सामानासकट, टाक्या भरून वजनकाट्यावर न्या आणि पावती आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून बघा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, हे गाडी सजवताना कोणी मोजत नाही. वजन जास्त भरलं तर आधी ते कमी करा. नाहीतर बांधलेलं इंजिनही जाईल आणि बदललेलंही.

आता रेडिएटर. बाहेरून धुतला म्हणजे झालं, असं अजिबात नाही. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेल्या रेडिएटरची वरची टाकी उघडली की नळ्यांच्या तोंडाशी पांढरट-तपकिरी क्षाराचा थर दिसतो, काही नळ्यांत तर तारही जात नाही. वरून पाणी भरलेलं दिसतं, फिरत मात्र अर्ध्याच नळ्यांतून असतं. सपाट रस्त्यावर काटा जागचा हलत नाही, त्यामुळे शंकाही येत नाही. न उघडता तपासायचं असेल तर इंजिन नीट गरम करा आणि तापमान मोजायची इन्फ्रारेड गन रेडिएटरच्या जाळीवरून फिरवा. मधेच थंड पट्टे सापडले तर तेवढा भाग चोंदलेला आहे. तांब्या-पितळेचा असेल तर टाक्या काढून रॉडिंग होतं, म्हणजे नळ्यांत सळई घालून क्षार काढतात. अॅल्युमिनियमचा, प्लास्टिक टाक्यांचा असेल तर त्याच्या नादी लागू नका, नवाच घ्या.

त्याच दिवशी थर्मोस्टॅट (पाणी गरम झालं की रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) आहे का तेही बघा. गाडी तापते म्हणून तो काढून फेकायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे आणि ती चुकीची आहे. बायपास असलेल्या इंजिनात थर्मोस्टॅट नसला की पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून गरमच परत येतो. म्हणजे थंडीत इंजिन वेळेवर तापत नाही आणि घाटात आवरत नाही. रेडिएटरची कॅप दाब धरते का, हे तपासायला दहा मिनिटं लागतात. लडाखला जाणार असाल तर हे टाळूच नका. ५,३०० मीटरच्या वर साधं पाणी ८२-८३ अंशांनाच उकळतं, आणि उकळण्याचा बिंदू वर ढकलणाऱ्या गोष्टी दोनच, कॅपचा दाब आणि कूलंट. कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. इंजिनाच्या पाण्यावर अंघोळीचं पाणी तापवायची जोडणी करून घेतली असेल तर ते जादा पाइप आणि त्यात अडकणारी हवा हाही याच कामाचा भाग. पंखा, वॉटर पंप, होज बघून घ्या.

हे सगळं झाल्याशिवाय इंजिनाला पाना लावू देऊ नका. कधीकधी इथेच खर्च वाचतो.

नाहीच वाचला तर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं. गरम इंजिनावर, चारही सिलिंडरची, आकडे कागदावर लिहून. "कॉम्प्रेशन कमी आहे" हे तोंडी उत्तर घेऊ नका. जुन्या ट्रॅव्हलरमधलं इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं. त्यात सिलिंडर-सिलिंडरमधला फरक ३ बारच्या वर गेला की ते लक्षण वाईट. चारही सारखेच थोडे उतरले असतील तर ती सरळ झीज आहे, अजून वेळ आहे. एकच खूप खाली असेल तर व्हॉल्व्ह, हेड पॅकिंग (ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) किंवा पिस्टनची तुटलेली रिंग, आणि तिथे पूर्ण इंजिन बदलायची भाषा करणाऱ्याला थांबवा. सिलिंडरमध्ये ऑइल ओतून पुन्हा मोजायची युक्ती पेट्रोल इंजिनासाठी ठीक आहे. डिझेलमध्ये जागा इतकी कमी असते की जरा जास्त पडलं तरी आकडा फसवा येतो, आणि फारच पडलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यापेक्षा हवा भरून गळती कुठून होते ते ऐका. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड पॅकिंग किंवा हेडला तडा. निळा धूर ऑइलचा, काळा डिझेल जास्त किंवा हवा कमी असल्याचा, एवढं माहीत असेलच. जुना ऑइल फिल्टर मात्र फेकू नका. कापून त्याचा कागद उन्हात पसरा. चमकणारे कण दिसले तर बेअरिंग खाल्लं जातंय.

निर्णय खरा होतो तो इंजिन उघडल्यावर, लेथवाल्याकडे. ब्लॉकला तडा असेल तर विषय संपला, बदला. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) शेवटच्या अंडरसाइझपर्यंत, म्हणजे घासून जितका बारीक करता येतो तितका, घासून झाला असेल तर दुसरा क्रँक मिळतो का ते बघा आणि त्याची किंमत धरून पुन्हा हिशेब करा. बाकी बोअर-पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह ही रोजची कामं आहेत, कोल्हापूरच्या उद्यमनगरात ती डोळे मिटून करणारे लोक आहेत. बजाज टेम्पोने १९८७ मध्ये ट्रॅव्हलर आणली तेव्हापासून महाराष्ट्रात हे इंजिन हाताळलेली माणसं गावोगाव आहेत. माझं मत स्पष्ट आहे: जुनं साधं पंपाचं इंजिन असेल आणि ब्लॉक चांगला असेल तर बांधा. कॉमन रेल (कॉम्प्युटरच्या हुकमावर जास्त दाबाने डिझेल फवारणारी नवी पद्धत) असेल तर नोझल आणि हाय प्रेशर पंपाचं कोटेशन हातात येईपर्यंत काहीच ठरवू नका, कारण तिथे बांधण्याचा खर्च बदलण्याच्या बरोबरीला येऊ शकतो. कोटेशन लेखी घ्या, आणि त्यात रेडिएटर वेगळ्या ओळीत लिहून घ्या. वेगळ्या ओळीत! "बाकी किरकोळ" या शब्दांत तो हरवतो.

सेकंडहँड इंजिन घ्यायचं ठरलं, कुर्ल्याहून किंवा आणखी कुठून, तर ते सुरू करून, कॉम्प्रेशन मोजूनच घ्या. सुरू करून दाखवत नसेल तर पुढच्या दुकानात जा. बीएस-३ की बीएस-४ (प्रदूषणाच्या नियमांचे टप्पे) हे तुमच्या आरसीशी जुळलंच पाहिजे. कॉमन रेलमध्ये ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि वायरिंगही जुळलं पाहिजे. इंजिन नंबर कोरलेला, न खरवडलेला, आणि विक्रेत्याचं बिल त्याच नंबराचं. इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करावी लागते. आरटीओत आधीच विचारून घ्या. कर्ज चालू असेल तर बँकेचं संमतीपत्र, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी नंबर जुळणार नाही. त्याआधी आरसी किती वर्षं उरली ते बघा. खासगी गाडीची १५ वर्षं संपत आली असतील तर पुन्हा नोंदणी ५ वर्षांसाठीच मिळते, आणि पर्यावरण करही भरावा लागतो. इंजिनाचा खर्च तेवढ्या वर्षांत बसतो का?

गाडी गॅरेजला देण्याआधी गॅसचा सिलिंडर काढा. कॅम्परमधल्या दिवे-पंख्यांच्या वेगळ्या बॅटरीची लाइन तोडा, विशेषतः वेल्डिंग होणार असेल तर. दोन सीटच्या मधलं इंजिन कव्हर मोकळं करा. त्यावर कपाट बांधलं असेल तर सुताराला आधी बोलवा, मेकॅनिक ते पहारीने काढेल. बेअरिंग गेलं असेल तर ऑइल कूलर आणि ऑइलच्या लाइन साफ करायला सांगा, टर्बो असेल तर इंटरकूलरही. त्यात राहिलेला चुरा नव्या इंजिनात जातो. आणि रेडिएटर. इंजिन परत बसण्याआधी तो स्वतः डोळ्यांनी बघा, काम झालेला, टाक्या बंद होण्यापूर्वी. फोटोवर समाधान मानू नका.

बसवल्यावर फार सांगण्यासारखं नाही. पहिलं ऑइल आणि फिल्टर ५०० ते १,००० किलोमीटरमध्ये बदला. हेडचे बोल्ट मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच पुन्हा आवळा. कॅम्परमधल्या पाण्याच्या टाक्या रिकाम्या, वेग मध्यम पण एकसारखा धरून ठेवू नका. कसारा, खंबाटकी, आंबोली काही दिवस नको. रेडिएटरच्या पाण्याची पातळी रोज सकाळी, थंड इंजिनावर.