स्वयंचा पहिला कोर्स: नावनोंदणी फुकट, पुढचं नाही

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका रात्रीत 'स्वयं'वर, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर, पाच कोर्सना नाव घातलं. स्वयंवरच म्हणा ना! नावनोंदणीला पैसे लागत नाहीत, त्यामुळे हात आखडत नाही. चौथ्या आठवड्यात चार कोर्सच्या मेल उघडायच्याही बंद झाल्या होत्या. उरला तो आयआयटी खरगपूरच्या पार्थप्रतिम दास सरांचा डेटाबेसचा, आठ आठवड्यांचा. बार्शीत बसून आयआयटीचं लेक्चर ऐकायचं अप्रूप पहिले तीन दिवस टिकतं. नंतर राहतो तो बुधवार.

बुधवार, कारण एनपीटीईएलच्या (स्वयंवर आयआयटीचे कोर्स चालवणारा उपक्रम, माझा कोर्स त्यातलाच) कोर्सची असाइनमेंट साधारणपणे बुधवारी रात्री ११:५९ ला बंद होते. त्यानंतर विनवण्या चालत नाहीत. आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम सहा असाइनमेंट धरतात, म्हणजे दोन हुकल्या तरी चालतं. मी त्या दोन्ही पहिल्या महिन्यातच उधळल्या आणि कॉलेजची परीक्षा आली तेव्हा हातात काही उरलं नाही. या दोन सवलती शेवटच्या आठवड्यांसाठी राखून ठेवा.

गुणांचा हिशेब आधी नीट वाचा, कारण प्रोग्रॅमिंगच्या काही कोर्सना निकष वेगळे असतात. माझ्या कोर्सला असाइनमेंटचे २५ आणि केंद्रावरच्या परीक्षेचे ७५ गुण होते. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० हे दोन्ही वेगवेगळे मिळवावे लागतात. माझ्या मित्राने टेलिग्रामवरची उत्तरं उतरवून असाइनमेंटमध्ये २४ काढले. परीक्षेत २८. बेरीज ५२, प्रमाणपत्र नाही.

आता मुद्द्याचं. प्रत्येक कोर्सला चर्चेची जागा असते आणि नवीन मुलं तिथे फिरकत नाहीत. इंग्रजी चुकेल ही भीती मलाही होती. पहिला प्रश्न मी टाकला तो असा: 'बीसीएनएफ समजलं नाही, समजवा.' (डेटाबेसमधले तक्ते पुनरुक्ती टाळून मांडणं म्हणजे नॉर्मलायझेशन. त्याच्या पायऱ्या म्हणजे नॉर्मल फॉर्म, आणि बीसीएनएफ हा तिसऱ्यापेक्षा कडक फॉर्म.) कोणीतरी त्याच लेक्चरची लिंक चिकटवली. राग आला, पण चूक माझीच होती. एवढ्या प्रश्नावर दुसरं कोण काय सांगणार?

दोन दिवस डोकं खाजवून पुन्हा लिहिलं. विद्यार्थी, विषय आणि शिक्षक असे तीन रकाने असलेला तक्ता. नियम दोन: एका विषयाला विद्यार्थ्याचा शिक्षक एकच, आणि प्रत्येक शिक्षक एकच विषय शिकवतो. हा तक्ता तिसऱ्या नॉर्मल फॉर्ममध्ये बसतो असं मला वाटतं, मग बीसीएनएफमध्ये का बसत नाही? माझी अडलेली पायरीही लिहिली. संध्याकाळपर्यंत तीन उत्तरं. विषय हा रकाना एका 'की'चा, म्हणजे तक्त्यातली ओळ नेमकी ओळखू देणाऱ्या रकान्यांच्या जोडीचा, भाग आहे म्हणून तिसरा फॉर्म त्याला सोडून देतो. पण शिक्षकावरून विषय ठरतो आणि शिक्षक हा रकाना एकटा 'की' नाही, तिथे बीसीएनएफ अडवतो. एकाने पुढे लिहिलं: तक्ता तोडून शिक्षक-विषय आणि विद्यार्थी-शिक्षक असे दोन केलेस, तर पहिला नियम तपासायला दर वेळी दोन्ही तक्ते जोडावे लागतील. हे मी विचारलंच नव्हतं.

एक पथ्य: मुदत संपायच्या आत असाइनमेंटची उत्तरं तिथे मागायची नाहीत, टाकायचीही नाहीत. संकल्पना विचारा, ती कधीही चालते.

करिअरचे प्रश्नही तिथे येतात, बहुतेक 'या कोर्सने नोकरी लागेल का' याच थाटाचे. त्यांना उत्तर मिळत नाही. मिळालं तरी कामाचं नसतं. त्यापेक्षा आपल्या कॉलेजातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या दादा-ताईंना गाठा आणि विचारा, 'काल ऑफिसात दिवसभर काय केलं?' आमच्या एका ताईने सांगितलं, 'सकाळपासून एसक्यूएलच्या क्वेरी लिहितेय, नॉर्मलायझेशन महिन्यातून एकदा आठवतं.' त्या दिवसापासून रोज पाच क्वेरी, म्हणजे डेटाबेसला एसक्यूएल भाषेत विचारायचे प्रश्न, हाताने लिहायला लागलो.

श्रेयांकांचं, म्हणजे पदवीत धरल्या जाणाऱ्या क्रेडिटचं, मात्र कॉलेजात आधी विचारा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांत एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयंवरून करायची मुभा आहे, पण कोणता कोर्स कशाच्या बदली धरायचा हे तुमची संस्था ठरवते. मी निकाल हातात आल्यावर अर्ज घेऊन गेलो. 'कोर्सच्या आधी यायचं होतं,' एवढंच ऐकून परतलो. माझे दोन श्रेयांक तिथेच राहिले.

परीक्षेची फी वेगळी, मी भरली तेव्हा १००० रुपये. तिच्या नोंदणीची तारीखही वेगळी असते आणि ती हुकवणारे पुष्कळ. माझं केंद्र पुण्यात आलं. दुपारचं दोन ते पाचचं सत्र घेतलं म्हणून पहाटेची एसटी पकडून वेळेत पोचलो. हॉलतिकीट आणि मूळ ओळखपत्र हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको.

७१ आले, म्हणजे प्रमाणपत्रावर 'एलिट' श्रेणी. पहिल्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी रेझ्युमेवरच्या त्या ओळीवर बोट ठेवून तिसरा फॉर्म आणि बीसीएनएफमधला फरक विचारला. मी शिक्षकांचा तक्ता कागदावर काढला. त्यांनी तो तोडायला लावला आणि विचारलं, 'आता यात गमावलं काय?'

माझ्याकडे उत्तर होतं. ते सांगणाऱ्या मुलाला मी कधी भेटलेलो नाही.