जुनी गाडी चार्जिंग घेत नाही? नवीन बॅटरी घ्यायच्या आधी हे बघा

गोव्यात पाऊस सुरू झाला की जुन्या फियाट-ॲम्बेसेडरवाल्यांची एकच रड, सकाळी सेल्फ फिरत नाही, आणि पहिला सल्ला मिळतो नवीन बॅटरी टाक. टाकतात पण, आणि थोड्या दिवसांनी तीही बसते, कारण तिला भरणारं यंत्रच धड नाहीये.

साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे फुल्ल, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली असेल तर आधी बाहेर चार्ज करून आणा, नाहीतर पुढच्या सगळ्या टेस्टिंगला अर्थ नाही. मग इंजिन चालू करून थोडी रेस द्या, १३.८ ते १४.४ दिसायला पाहिजे. १२.५ लाच अडकलं तर चार्जिंग नाही, १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग, बिघडलाय.

आता लगेच डायनामो, म्हणजे जुन्या गाडीत बेल्टवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र, खोलायला धावू नका. कळंगुट, कोलवा अशा समुद्राच्या बाजूला गाडी उघड्यावर राहते त्यांचं तर नव्वद टक्के दुखणं अर्थिंगचंच, म्हणजे बॅटरी आणि गाडीच्या बॉडीमधल्या जोडणीचं, असं माझं मत. हेडलाइट लावा, रेस द्या, मीटरचं एक टोक डायनामोच्या बॉडीला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावा, क्लॅम्पला नाही, खांबालाच. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थची पट्टी काढून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट बसवा, वरून व्हॅसलीन. मॉरिस मायनरसारखी जुनी ब्रिटिश गाडी असेल तर मात्र आधी बघा, त्यात बऱ्याचदा पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॉडीला पॉझिटिव्ह खांब जोडलेला असतो, मग मीटर त्या खांबाला लावा.

फॅन बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबून साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. जास्त ताणला तर बेअरिंग जातं.

मग डायनामो. ल्युकास टाइपचा असेल तर त्याच्यावरच्या दोन्ही वायरी, डी आणि एफ, काढा, ती दोन टर्मिनलं एका तारेने जोडा आणि तिथून बॉडीला मीटर लावून रेस अगदी हळूहळू वाढवा, व्होल्टेज भराभर चढून २० च्या आसपास गेलं की थांबा, इंजिन हजार आरपीएमच्या वर नेऊ नका. एवढं चढलं म्हणजे डायनामो ठीक, दोष कटआउटच्या डब्यात (रेग्युलेटर असतो तो डबा) किंवा वायरिंगमध्ये. काहीच आलं नाही तर कार्बन (ब्रश) झिजलेत किंवा अडकलेत, अर्धा-एक व्होल्ट आला तर फील्ड कॉइल (बॉडीतली स्थिर गुंडाळी) गेली, चार-पाच आले तर आर्मेचर (आतला फिरणारा भाग) गेला.

आणि एक, डायनामो आयडलवर जवळजवळ काही देत नाही, चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणला तर तो बिघाड नाही. रायबंदर-चोडण फेरीच्या लायनीत पावसात हेडलाइट, वायपर लावून इंजिन चालू ठेवलं तर बॅटरी उतरणारच, लाइट बंद करा. त्यात वर कोणी १०० वॉटचे हॅलोजन टाकलेले असतात, दोन बल्ब म्हणजे १६-१७ अँपियर तिथेच गेले, ल्युकासच्या सी-४० मॉडेलच्या डायनामोची फुल्ल ताकद २२ अँपियर, मग इग्निशन, वायपर, टेललाइटला उरलं काय?

डायनामोऐवजी अल्टरनेटर (त्याच कामाचं नवीन प्रकारचं यंत्र) असेल तर चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून 'बघू चालतेय का' हा प्रकार कोणालाही करू देऊ नका, त्यातले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) उडतात. चावी फिरवल्यावर लाल दिवाच पेटत नसेल तर आधी तो बल्ब बदला, बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच्यातूनच मिळतो. आणि सकाळी, इंजिन चालू न करता, अल्टरनेटरला हात लावून बघा, कोमट लागला तर डायोड लीक आहे आणि रात्रभर तोच बॅटरी पितोय.

डायनामो रिपेअर करून परत बसवला की तो पोलराइज करायला, म्हणजे त्याचे प्लस-मायनस बॅटरीशी जुळवून घ्यायला, विसरू नका. एफ टर्मिनलची वायर काढलेली ठेवून बॅटरीच्या लाइव्ह बाजूची (अर्थ नसलेल्या खांबाची) एक तार त्या टर्मिनलला क्षणभर दोन-तीनदा टेकवा, बारीक ठिणगी उडते, तेवढी चालते. मग वायर जोडा आणि गाडी स्टार्ट करा.